मेल आला होता, पण सापडला नाही

रबाळे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यातील वस्त्यांमधल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे आणि दाखल्यांचे अर्ज आम्ही काही कार्यकर्ते रविवारी विहारात बसून भरून देतो. मागच्या वर्षी एका मुलीचा अर्ज बाद झाला. उत्पन्नाचा दाखला नीट स्कॅन झाला नव्हता म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता आणि तसा मेलही तिला आला होता. तिने जीमेलमध्ये ‘शिष्यवृत्ती’ असे टाकून शोधले, काही सापडले नाही. आम्हीही पाहिले आणि म्हणालो, अजून काही आलेले नाही, वाट बघ. मुदत संपल्यावर कळले की मेल इंग्रजीत होता आणि स्पॅममध्ये पडला होता. चूक आमची होती. त्या मुलीचे वर्षाचे पैसे गेले.

तेव्हापासून अर्ज भरण्याआधी मेल कसा शोधायचा, हे आम्ही शिकवतो. तेच इथे मांडत आहोत.

आधी मेल आयडी स्वतःचा हवा

अनेकांच्या अर्जावर सायबर कॅफेवाल्याचा किंवा ओळखीच्या दादाचा मेल आयडी असतो. अशा वेळी पुढच्या सगळ्या सूचना त्याच्याकडे जातात. स्वतःचा आयडी उघडा, पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा, आणि कॅफेतून निघताना लॉग आउट करा.

शोधण्याची रीत

खालचे शब्द आम्ही मराठीत लिहिले आहेत. टाइप करताना शब्द आणि आकडे इंग्रजीत टाका आणि कोलननंतर जागा सोडू नका. हे शब्द मोबाईलवरही चालतात.

‘फ्रॉम:’ पुढे पाठवणाऱ्याचे नाव किंवा पत्ता टाकला की फक्त त्याचेच मेल दिसतात. ‘सब्जेक्ट:’ पुढे शब्द टाकला की तो फक्त विषयात शोधला जातो. ‘हॅज:अटॅचमेंट’ म्हणजे फाईल जोडलेले मेल, आणि ‘फाईलनेम:पीडीएफ’ म्हणजे पीडीएफ जोडलेले. तारखेसाठी ‘आफ्टर:’ आणि ‘बिफोर:’ वापरा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची, जसे २०२४/०६/०१. हे सगळे एकत्रही चालते. जूननंतर महाविद्यालयाकडून आलेली पीडीएफ हवी असेल, तर फ्रॉम, आफ्टर आणि फाईलनेम एकाच ओळीत टाका.

सर्वात महत्त्वाचा शब्द ‘इन:एनीव्हेअर’. जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघतच नाही. हा शब्द जोडला की तिथलेही मेल दिसतात. स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो, म्हणून अर्ज चालू असेपर्यंत आठवड्यातून एकदा हा शोध घ्याच.

भाषेचीही अडचण आहे. जीमेल बहुधा पूर्ण शब्द जुळवतो. ‘प्रमाणपत्र’ शोधले तर ‘प्रमाणपत्राची’ सापडेलच असे नाही. म्हणून शब्दाची दोन-तीन रूपे आणि त्याचा इंग्रजी शब्द टाकून मध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ लिहा. अर्जाचा क्रमांक माहीत असेल तर तोच शोधा. क्रमांकाला विभक्ती लागत नाही!

सरकारी किंवा महाविद्यालयाचा मेल एकदा सापडला की तो पुन्हा हरवू नये, याची सोय करता येते. संगणकावर शोधाच्या चौकटीच्या उजव्या टोकाचे चिन्ह दाबा, पाठवणाऱ्याचा पत्ता भरा, ‘क्रिएट फिल्टर’ निवडा आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ वर खूण करा. त्या मुलीच्या खात्यात हे केलेले असते, तर अर्ज वाचला असता.

कीबोर्डचे शॉर्टकट

हे संगणकावर चालतात, मोबाईलच्या ॲपमध्ये नाही. सेटिंग्जच्या चाकावर जा, ‘सी ऑल सेटिंग्ज’ उघडा, ‘जनरल’मध्ये ‘कीबोर्ड शॉर्टकट्स ऑन’ करा आणि खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नका. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा.

तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबली की थेट शोधाच्या चौकटीत जाता येते. ‘सी’ने नवा मेल, ‘आर’ने उत्तर, ‘ए’ने सर्वांना उत्तर, ‘एफ’ने फॉरवर्ड. ‘जे’ आणि ‘के’ने यादीत खाली-वर, ‘यू’ने यादीकडे परत. चुकून काही झाले तर लगेच ‘झेड’. शिफ्टसह स्लॅश दाबले की पूर्ण यादीच समोर येते.

कार्यकर्त्यांनी ‘आर’ आणि ‘ए’ यांतला फरक पक्का ध्यानात ठेवावा. तक्रारीच्या मेलमध्ये वरिष्ठांना प्रत असते. ‘आर’ दाबून उत्तर दिले तर ती प्रत तुटते. तसेच सेटिंग्जमध्ये ‘अनडू सेंड’ची वेळ ३० सेकंद करा. रागात लिहिलेले पत्र तेवढ्यात मागे घेता येते.

कागद सांभाळण्याची चळवळ

माहिती अधिकार कायदा २००५ नुसार जन माहिती अधिकाऱ्याने साधारण ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते, आणि पहिल्या अपिलालाही ३० दिवसांचीच मुदत आहे. हे दिवस मोजायचे तर अर्जाची पोच आणि उत्तराची तारीख हाताशी लागते.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, पण उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ चा. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची पूर्वापार रूढी असल्याचा दावा विरोधकांना सिद्ध करता आला नाही. तळ्यावरच्या सत्याग्रहाइतकीच कोर्टातली ती दहा वर्षेही बाबासाहेबांनी नेटाने लढवली. आज आपले अर्ज, पोच आणि आदेश मेलमध्ये येतात. ते वेळेवर सापडणे हाही हक्काच्या लढाईचाच भाग आहे.

येत्या रविवारी एवढेच करा. स्वतःच्या मेलमध्ये ‘इन:एनीव्हेअर’ आणि आपल्या अर्जाचा क्रमांक टाकून बघा. मग शेजारच्या एका मुलीला किंवा मुलाला तेच करून दाखवा.

जय भीम!