कॉक्लिअर इम्प्लांट आणि दूरध्वनी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवण-मज्जातंतूला विद्युत-संकेत देऊन ऐकण्यास मदत करणारे उपकरण, शस्त्रक्रियेने बसवलेल्या व्यक्तीला दूरध्वनीवर बोलता येत नाही, हा समज आज खरा नसला तरी तो निराधारही नव्हता. अमेरिकेत 1984 साली मान्यता मिळालेल्या पहिल्या इम्प्लांटमध्ये एकच विद्युत-वाहिनी होती. तिच्यामुळे आवाजाची चाहूल आणि बोलण्याची लय कळे, ओठ वाचणे सोपे होई, परंतु चेहरा न दिसता केवळ ऐकून वाक्य समजणे फार थोड्यांना साधे. आजच्या प्रचलित इम्प्लांटमध्ये 12 ते 22 इलेक्ट्रोड, म्हणजे अंतर्कर्णातील शंखाकृती कॉक्लियात सरकवलेली विद्युत-टोके असतात आणि ती ध्वनीतील उंच-खालचे स्वर श्रवण-मज्जातंतूला वेगवेगळ्या जागी पोहोचवतात. त्यामुळे अनेक जण, विशेषतः भाषा आत्मसात झाल्यावर ऐकू येईनासे झालेले, फोनवर नित्याचे व्यवहार करतात.

तरीही फोन अवघड जातो, आणि त्याचा दोष शस्त्रक्रियेला किंवा त्या व्यक्तीच्या आकलनाला देणे अन्यायाचे आहे. पारंपरिक दूरध्वनी सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी वाहून नेतो, तर ‘स’चा बराचसा जोर त्या मर्यादेच्या वर असतो, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील फरक तर त्या एका ‘स’वरच उभा आहे. निरोगी कान ही उणीव इतर खुणांवरून भरून काढतो. इम्प्लांटमधून येणाऱ्या ध्वनीत मुळातच बारकावे कमी असल्याने तशा खुणा थोड्या उरतात. सुमारे 7000 हर्ट्झपर्यंतचा ध्वनी नेणाऱ्या ‘एचडी व्हॉइस’ सेवेवर म्हणूनच बोलणे अधिक स्पष्ट कळते.

फोन कानाच्या छिद्राशी धरावा, हीदेखील सवयीने आलेली चूक आहे, कारण इम्प्लांटचा मायक्रोफोन बहुधा कानामागील प्रोसेसरवर, म्हणजे आवाजाचे विद्युत-संकेतांत रूपांतर करणाऱ्या बाहेरच्या भागावर, असतो आणि फोन तिथेच धरावा लागतो. ब्लूटूथने किंवा टेलिकॉइलने, म्हणजे फोनचे चुंबकीय क्षेत्र टिपणाऱ्या वेटोळ्याने, आवाज थेट प्रोसेसरमध्ये घेता आला तर भोवतालचा गोंगाटही टळतो. मोबाइलजवळ कधी गुणगुण ऐकू आली, तर तेवढ्यावरून इम्प्लांट बिघडले असे समजू नये.

ओरडून बोलल्याने मदत होते हा गैरसमज सर्वांत हट्टी आहे. ओरडण्याने शब्द उलट विकृत होतात. पलीकडच्या माणसाने आधी विषय सांगावा, नेहमीच्या आवाजात सावकाश बोलावे, न कळलेले वाक्य दुसऱ्या शब्दांत मांडावे आणि आकडे एकेक करून सांगावेत.