फिरत्या घराचीं मागचीं चाकें : एकेरी कीं जोड?

रत्नागिरी जिल्ह्यांत हिंडणाऱ्या वाहनाला एकाच दिवसांत तीन प्रकारची भूमि भेटते : आंबा घाटाचा वळणावळणाचा डांबरी रस्ता, सड्यावरची जांभ्याची खडबडीत वाट आणि किनाऱ्यालगतची भुसभुशीत वाळू. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. चारही चाकांना इंजिनाची शक्ति पोंचविणारी मोठी व्हॅन किंवा लहान ट्रक घ्यावा, त्यांत बिछाने, शेगडी व पाण्याची टाकी बसवावी आणि असें फिरतें घर घेऊन कोंकण पाहावें, अशी इच्छा करणाऱ्या कुटुंबापुढें लवकरच एक प्रश्न उभा राहतो. गाडीला मागें दोन्ही बाजूंस एकेक चाक असावें, कीं एस. टी.च्या गाडीला असतात तशीं दोन दोन, म्हणजे जोडचाकें, असावींत?

जोडचाकांचा मूळ हेतु भार वाहण्याचा आहे. टायरच्या बाजूवर १२०/११६ असा आंकडा असेल, तर त्याचा अर्थ असा कीं, योग्य हवा भरलेली असतां तो टायर एकटा १४०० किलो भार घेऊं शकतो आणि जोडींत असतां १२५० किलो. जोडींतील टायरचा भार कमी धरण्याचें कारण आहे. रस्ता मध्यें उंच व कडेला उतरता असतो, दोन टायरांतील हवा तंतोतंत सारखी राहत नाहीं, आणि त्यामुळें ओझें दोघांत समान वांटलें जात नाहीं. तरीही हिशेब पाहावा. मागच्या आंसावर, ज्याला कारागीर एक्सल म्हणतात, असे दोन एकेरी टायर असले तर मर्यादा २८०० किलो होते. चार असले तर ५००० किलो. अर्थात् आंसाची किंवा कमानींची मर्यादा याहून कमी असेल, तर तीच खरी मानली पाहिजे.

जोडचाकांनीं आणखीही लाभ होतो. गाडीचा पाया रुंद होऊन उंच टपाची गाडी घाटाच्या वळणावर कमी डोलते. एक टायर फुटला तरी दुसरा गाडीला क्षणभर सांवरून धरतो. मात्र त्या दुसऱ्यावर आतां दुप्पट ओझें आलेलें असतें. म्हणून ‘एक शिल्लक आहे’ असें म्हणून पुढें जाणें धोक्याचें होय.

मग सर्वांनींच जोडचाकें कां घेऊं नयेत? याचें उत्तर बैलगाडीच्या चाकोरींत आहे. पहिल्या गाडीनें दाबलेल्या चाकोरींतून मागची गाडी सुखानें जाते. मोटारीचें पुढचें चाक वाळू दाबून अशीच चाकोरी पाडतें. मागचें एकेरी चाक त्याच चाकोरींत चालतें. परंतु जोडचाकांच्या दोन्ही टायरांना चाकोरीच्या कडा नव्यानें फोडाव्या लागतात. त्यांत इंजिनाची शक्ति व्यर्थ जाते. शिवाय वाळूंत टायरची हवा थोडी कमी करून त्याचा जमिनीवरील पसारा वाढवितात. जोडींत तसें फार केलें तर दोघांच्या फुगलेल्या बाजू एकमेकींस घांसूं लागतात. खडकाळ वाटेवर जांभ्याचा धोंडा दोन टायरांच्या मध्यें अडकतो आणि त्यांच्या बाजू कापतो. आंतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून लवकर ध्यानांतही येत नाहीं. याच कारणांस्तव जर्मनीच्या युनिमॉग गाडीला चारही कोपऱ्यांस एकेकच मोठें चाक असतें. इव्हेको कंपनीनें तर आपली चारही चाकें ओढणारी ‘डेली’ गाडी दोन्ही प्रकारांत काढली : बिकट भूमीसाठीं एकेरी चाकांची आणि मुख्यतः रस्त्यानें जाणाऱ्यांसाठीं जोडचाकांची.

येथें एक चूक टाळावयास हवी. जोडींतील एक टायर काढून टाकला म्हणजे गाडी एकेरी झाली, असें नव्हे. जोडचाकांची रिम खोलगट असते. तिच्यावर एकच टायर ठेवला तर मागचें चाक पुढच्या चाकोरींत येत नाहीं. त्यासाठीं वेगळ्या खोलीची रिम आणि अधिक भार घेणारा टायर लागतो. पुढच्या व मागच्या टायरांचा घेरही सारखाच हवा; नाहीं तर चारही चाकें जोडलीं असतां मधल्या दांत्यांवर ताण येऊन ते झिजतात. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशिलाशी विसंगत असा बदल मनास येईल तसा करतां येत नाहीं. गाडीला हात लावण्यापूर्वीं आर. टी. ओ. कचेरींत विचारावें.

तेव्हां निर्णय कोठून सुरू करावा? टायरच्या दुकानांतून नव्हे, वजनकाट्यावरून. सर्व सामान, भरलेली टाकी व घरचीं माणसें यांसह केवळ मागचीं चाकें काट्यावर उभीं करावींत. पाणी भ्रामक असतें. २०० लिटर म्हणजे २०० किलो. आंसाच्या मागें टांगलेली १०० किलोची स्टेपनी व पेटी तर मागच्या चाकांवर १०० हून अधिक भार घालते, कारण ती तरफेप्रमाणें गाडीचें तोंड उचलूं पाहते. आणि टाकी एका अंगास असली तर त्या अंगाचा टायर अधिक दडपतो.

समजा, वरील टायर असतां काट्यानें २३०० किलो दाखविले. मग ५०० किलोंची सवड आहे. एकेरी चाकें घ्यावींत आणि सड्यावर निश्चिंत हिंडावें. २७५० दाखविले तर आधीं सामान उतरावें, कारण खड्ड्यांतील आदळ काट्यावर दिसत नाहीं. ३२०० दाखविले, आणि तें ओझें कमी होण्यासारखें नसलें, तर जोडचाकेंच घ्यावींत व वाळूची हौस सोडावी. घाट उतरतांना, टायर तापलेले असतां, क्षमतेबाहेरचें ओझें काय करील हें सांगावयास नको; आंत मुलें झोंपलेलीं असतात.

वाळूविषयीं शेवटचें एक. वेळास व गुहागर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कांसवें हिंवाळ्यांत अंडीं घालतात. गाडी कितीही समर्थ असली तरी ती किनाऱ्याच्या अलीकडेच उभी करावी. चाकें कोणतीं घ्यावीं हें वजनकाटा सांगतो. तीं कोठें थांबवावीं हें मालकानें ठरवावयाचें असतें.