सर्कशीच्या मातीवर ठरलेलं विजेतेपद

डिसेंबर १९३२. शिकागोत बर्फ आणि थंडीचा असा कडाका, की शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांच्यातला एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा निर्णायक सामना छपराखाली, शिकागो स्टेडियममध्ये हलवावा लागला. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती. तिच्यासाठी पसरलेल्या मातीवरच खेळाडू उतरले. मैदान नेहमीपेक्षा बरंच आखूड, कडेची भिंत अगदी सीमारेषेला खेटलेली. म्हणून चेंडू कडेला गेला, की आत आणून खेळ सुरू करायचा, असं ठरलं. स्पार्टन्सचा हुकमी खेळाडू डच क्लार्क आलाच नाही. कोलोराडोतल्या एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवण्याची त्याची नोकरी होती!

ब्रॉन्को नागुर्स्कीच्या पासवर रेड ग्रेंजने टचडाउन केला. पास देताना नागुर्स्की नियमाप्रमाणे खेळ सुरू होण्याच्या रेषेपासून पाच यार्ड मागे नव्हता, अशी स्पार्टन्सची तक्रार होती. ती फेटाळली गेली आणि बेअर्स ९-० ने जिंकले. पुढच्याच वर्षी, १९३३मध्ये, पाच यार्डांची अट गेली आणि चेंडू आत आणण्याची पद्धत नियमांत आली. आजच्या वेगवान पासिंगची वाट इथूनच मोकळी झाली, म्हणून हा सामना मला सर्वांत मोलाचा वाटतो.

विक्रमांत मात्र टॉम डेम्प्सीला तोड नाही. जन्मतःच उजव्या पायाला बोटं नसलेल्या या खेळाडूने १९७०मध्ये त्याच पायाने ६३ यार्डांवरून फील्ड गोल मारून न्यू ऑर्लिन्स सेंट्सला शेवटच्या क्षणी जिंकून दिलं. एनएफएलमध्ये त्याहून लांबचा गोल व्हायला २०१३ उजाडलं.