सरकारची नजर सगळ्यांवर असली, तर आपण खरंच जास्त सुरक्षित होतो का?

सप्टेंबर २००८. पाकिस्तानात बसलेला एक माणूस इंटरनेटवर मुंबईची माहिती शोधत होता. ताज हॉटेल कुठे आहे, भारतीय युद्धनौका कुठे असतात, गुप्तपणे संपर्क कसा ठेवायचा, असं बरंच काही. त्याचं नाव झरार शाह. तो लष्कर-ए-तय्यबाचा तंत्रज्ञान प्रमुख होता.

तो काय शोधतोय हे आणखी कुणीतरी पाहत होतं, याची त्याला कल्पना नव्हती.

ब्रिटनची गुप्तचर संस्था जीसीएचक्यू त्याच्या बऱ्याचशा ऑनलाइन हालचालींवर नजर ठेवून होती. एका भारतीय गुप्तचर संस्थेचंही त्याच्याकडे लक्ष होतं. अमेरिकेला तर वेगळ्याच मार्गांनी मुंबईवरच्या संभाव्य हल्ल्याची कुणकुण लागली होती आणि तिने भारताला इशारेही दिले होते. न्यूयॉर्क टाइम्स, प्रोपब्लिका आणि फ्रंटलाइन यांनी २०१४ मध्ये मिळून केलेल्या तपासात हे सगळं समोर आलं.

तरीही २६ नोव्हेंबरच्या रात्री दहा दहशतवादी मुंबईत उतरले आणि १६६ लोकांचा जीव गेला.

"देशाच्या सुरक्षेसाठी सरकारने सगळ्यांवर नजर ठेवली तर बिघडलं काय?" हा प्रश्न सोशल मीडियावर दर थोड्या दिवसांनी येतो. त्याचं उत्तर शोधायला सुरुवात इथून करायला हवी. कारण २६/११ च्या वेळी पाळत होती आणि माहितीही होती. मग अडलं कुठे?

माहिती होती, पण कुणाकडे?

तुकडे वेगवेगळ्या लोकांच्या हातात होते. ब्रिटिशांकडे शाहच्या कॉम्प्युटरमधली माहिती होती, पण त्यावरून नेमका धोका ओळखता येत नव्हता, असं त्यांचं म्हणणं. भारताकडे इशारे होते, पण त्यातून कट उलगडला नाही.

तिसरा तुकडा होता डेव्हिड हेडली. या अमेरिकन नागरिकाने अनेकदा मुंबईत येऊन हल्ल्याच्या जागांची रेकी केली. त्याच्या एका पत्नीने हल्ल्याच्या काही महिने आधी इस्लामाबादच्या अमेरिकन दूतावासात जाऊन त्याच्याबद्दल तक्रार केली होती. त्या तक्रारीचं पुढे काही झालं नाही. एवढंच नाही, तर हेडली स्वतः एकेकाळी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा खबरी होता.

इकडे मुंबईतही समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य असू शकतात, असे इशारे आधीच आले होते. दहशतवादी कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं.

म्हणजे माहिती कमी पडली नव्हती. ती एका टेबलावर आणून, वाचून, वेळेत निर्णय घेणारं कुणी नव्हतं.

अमेरिकेने सगळ्यांचे फोन रेकॉर्ड गोळा केले, मग काय झालं?

९/११ नंतर अमेरिकेने ठरवलं, सगळंच गोळा करायचं. एनएसए ही तिथली गुप्तचर संस्था कोट्यवधी सामान्य अमेरिकन लोकांच्या फोनची नोंद रोजच्या रोज घेऊ लागली. कुणी कुणाला फोन केला, कधी केला, किती वेळ बोलले. प्रत्यक्ष बोलणं नाही, पण बाकी सगळं. याला मेटाडेटा म्हणतात.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने हे जगासमोर आणलं. त्यावर एनएसएचे तेव्हाचे प्रमुख कीथ अलेक्झांडर यांनी सांगितलं की, पाळतीच्या कार्यक्रमांमुळे ५० हून जास्त कट उधळले गेले.

आकडा मोठा होता, पण अमेरिकन संसदेच्या सिनेटमध्ये खोदून प्रश्न विचारले गेले तसा तो घसरत गेला. शेवटी फोन रेकॉर्डच्या कार्यक्रमापुरतं एकच प्रकरण उरलं. सॅन दिएगोमधल्या एका टॅक्सीचालकाने सोमालियातल्या अल-शबाब संघटनेला साधारण साडेआठ हजार डॉलर पाठवले होते. पैसे पाठवणं गुन्हाच होता, पण तो अमेरिकेवर हल्ल्याचा कट नव्हता.

जानेवारी २०१४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या गोपनीयता आणि नागरी स्वातंत्र्य मंडळाचा अहवाल आला. गुप्त कागदपत्रं तपासूनही मंडळाला असं एकही प्रकरण सापडलं नाही, ज्यात अमेरिकेला धोका होता आणि या कार्यक्रमामुळे तपासाच्या निकालात ठोस फरक पडला.

२०१५ मध्ये कायदा बदलून हा कार्यक्रम आटोपशीर करण्यात आला. त्या नव्या रूपावर चार वर्षांत सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. त्यातून एफबीआयकडे आधीपासून नव्हती अशी माहिती किती वेळा मिळाली? फक्त दोनदा. त्यातल्या एकदा चौकशीनंतर विषय तिथेच संपला. २०१९ मध्ये एनएसएने तो कार्यक्रम गुंडाळला. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मूळ कार्यक्रम बेकायदेशीर होता, असा निर्वाळा दिला.

मग पाळतीचा काहीच उपयोग नसतो का?

असतो, आणि हे मान्य न करता वाद घालणं प्रामाणिक होणार नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये कोलोरॅडोत राहणाऱ्या नजीबुल्ला झाझीने पाकिस्तानातल्या अल-कायदाशी संबंधित एका पत्त्यावर ईमेल केला. स्फोटकांचं मिश्रण कसं करायचं, हा प्रश्न त्यात होता. तो पत्ता आधीच नजरेखाली होता. ईमेल पकडला गेला, एफबीआयला कळवलं गेलं आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत स्फोट करण्याचा कट फसला.

२६/११ मध्येही, हल्ला सुरू असताना दहशतवादी आणि त्यांना पाकिस्तानातून सूचना देणारे सूत्रधार यांचं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड झालं. पुढे कसाबच्या खटल्यात ते महत्त्वाचा पुरावा ठरलं.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. कुठला पत्ता आणि कुठला नंबर ऐकायचा, हे आधी ठरलेलं होतं. संशय आधी आला, पाळत नंतर. अमेरिकेच्या फोन रेकॉर्डमध्ये हे उलट होतं. पाळत सगळ्यांवर आणि संशयित त्यातून सापडेल ही आशा.

सगळं गोळा केल्यावर नेमकं काय होतं?

एक सोपं गणित करून पाहू. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

समजा एका शहरात १ कोटी लोक आहेत आणि त्यात १०० दहशतवादी लपलेत. सरकारकडे ९९ टक्के अचूक यंत्रणा आहे. ऐकायला भारी वाटतं.

ही यंत्रणा १०० पैकी ९९ दहशतवादी पकडेल. पण उरलेल्या निर्दोष लोकांपैकी १ टक्का लोकांनाही ती चुकून संशयित ठरवेल. १ कोटीचा १ टक्का म्हणजे १ लाख. आता पोलिसांच्या हातात साधारण १ लाख नावांची यादी आहे आणि त्यातले खरे दहशतवादी ९९. म्हणजे दर हजार नावांमागे जेमतेम एक.

ही यादी तपासायला माणसं कुठून आणणार? आणि त्या १ लाख लोकांनी नोकरीचं व्हेरिफिकेशन, पासपोर्ट, विमानतळावरची चौकशी हे सगळं कसं निभवायचं?

घरी तांदूळ निवडताना खडा सापडत नाही, म्हणून ताटात आणखी दोन किलो तांदूळ कुणी ओततं का? सरसकट पाळत नेमकं तेच करते.

भारतात फोन कोण ऐकू शकतं?

आपल्याकडे फोन टॅपिंगचा आधार दीर्घकाळ १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही मुख्य अट मात्र कायम आहे.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल खटल्यात फोन टॅपिंगसाठी नियम घालून दिले. साधारणपणे आदेश गृहसचिवांचा हवा आणि नंतर आढावा समितीने तो तपासायला हवा. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं.

कागदावर हे ठीक दिसतं. पण आदेश देणारेही सरकारी अधिकारी आणि तपासणारेही सरकारी अधिकारी. मधे न्यायाधीश कुठेच नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानंतर मंत्र्याच्या परवानगीवर न्यायिक आयुक्ताचीही मोहोर लागते. आपल्याकडे तसं नाही.

आता आकडे पाहा. २०१३ मध्ये माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार एकटं केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश काढत होतं. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात या मुद्द्यावर बोट ठेवलं. आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि प्रत्येक बैठकीत तिच्यासमोर १५ ते १८ हजार आदेश असतात.

एका बैठकीत १५ हजार आदेश. प्रत्येकाला एक मिनिट दिलं तरी अखंड दहा दिवस लागतील. याला तपासणी म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग मी का घाबरू?"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा. त्याला तीन उत्तरं आहेत.

पहिलं, पाळत ठेवणारीही माणसंच असतात. एनएसएच्या महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये सिनेटला दिलेल्या माहितीत, २००३ पासून जाणूनबुजून केलेल्या गैरवापराची १२ प्रकरणं होती. काही कर्मचाऱ्यांनी दहशतवादी शोधायची यंत्रणा स्वतःच्या जोडीदारावर किंवा प्रेयसीवर नजर ठेवायला वापरली होती.

दुसरं, नियम असूनही ते मोडले जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले तीन टॅपिंग आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असल्याचं कुठेच दिसत नाही, असं सांगत न्यायालयाने ती रेकॉर्डिंग नष्ट करायला लावली. त्या व्यक्तीविरुद्ध खटला सुरू झाला म्हणून तिला टॅपिंग कळलं. ज्यांच्यावर खटला होत नाही, त्यांना आपला फोन ऐकला गेला हे कळवण्याची सोयच नाही.

पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचमध्ये कुठलं तरी मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच होतं हे सिद्ध झालं नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हेही ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी कोर्टात सांगितलं. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही पूर्ण उत्तर मिळालं नाही.

तिसरं, भीतीने माणूस गप्प होतो. "साध्या फोनवर नको, व्हॉट्सॲप कॉल कर," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आम्हा पत्रकारांना तर ते नेहमीच ऐकावं लागतं. बोलणारा गुन्हेगार नसतो. तो ऑफिसातला गैरव्यवहार सांगणारा कारकून असतो किंवा गावातल्या निकृष्ट रस्त्याची तक्रार करणारा शेतकरी. त्याने फोनच केला नाही, तर तो रस्ता तसाच राहतो आणि त्यावरून आपणच जातो. लपवण्यासारखं तुमच्याकडे काही नसेलही, पण तुमच्यासाठी बोलणाऱ्या कुणाकडे तरी असू शकतं.

मग सुरक्षा वाढते कशाने?

२६/११ च्या रात्रीकडे परत जाऊ. त्या हल्ल्यातला सगळ्यात मोठा पुरावा कुठल्याही सर्व्हरमधून मिळाला नाही. तो गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीत मिळाला. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. गोळ्या झेलत त्यांनी कसाबची बंदूक धरून ठेवली आणि तो जिवंत सापडला. हल्ला कुठून आखला गेला, हे जगाला पुराव्यासकट सांगता आलं ते त्यामुळे.

ओंबळेंच्या हातात लाठीच का होती, हा प्रश्न पाळतीच्या चर्चेत कुणी विचारत नाही. इशारा मिळाल्यावर किनाऱ्यावर गस्त घालायला बोट आहे का? आलेली माहिती वाचायला प्रशिक्षित माणसं आहेत का? वस्तीतल्या माणसाने पोलिसांना फोन केला, तर पलीकडचा ऐकून घेतो का? सुरक्षेचे बरेचसे धागे इथे सुटतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी नवी पाळत यंत्रणा "तुमच्या सुरक्षेसाठी" जाहीर झाली, की पोस्ट शेअर करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही नजर संशयितावर आहे की सगळ्यांवर? गोळा होणारी माहिती वाचणार कोण? आणि वाचणाऱ्यावर नजर कोण ठेवणार?

तिन्हींची उत्तरं मिळाली, तर ती यंत्रणा कदाचित खरंच तुमचा जीव वाचवेल. नाही मिळाली, तर ताटात फक्त तांदूळ वाढलेत, एवढं समजा.