अरबांचा इतिहास : सांगणारा कोण आणि सोसणारा कोण?



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या माणसाने अरबांचा इतिहास कशाला वाचायचा, असे तुम्ही म्हणाल. राब भाजणे, नागली-वरईची राखण आणि जूनमधल्या मोसमी पावसाची वाट पाहणे, यातच आपला जीव गुंतलेला. पण हा ‘मोसमी’ शब्द तरी कुठला? अरबी ‘मौसिम’ म्हणजे हंगाम. याच वाऱ्यावर अरबी गलबते सोपारा, ठाणे, चौल या आपल्या बंदरांना येत. तुम्ही तालुक्याला जाता, महसूल भरता, हक्कासाठी अर्ज करता, वकील गाठता. तालुका, महसूल, हक्क, अर्ज, वकील हे सगळे मूळचे अरबी शब्द. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले आणि घरचेच होऊन बसले.

नुसते शब्दच आले असे नाही. आपल्याच जिल्ह्यात चिंचणीला राष्ट्रकूटांच्या काळातला एक ताम्रपट सापडला. तो इ. स. ९२६ चा. संजाण प्रांताचा कारभार तेव्हा एका अरब अधिकाऱ्याकडे होता, असे त्यात लिहिले आहे. त्याने लोकांसाठी नदीवर तरीची सोय केली, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठाला दान मिळू दिले. तेव्हा अरब हे आपले अगदीच अनोळखी नव्हेत. अनोळखी आहे तो त्यांचा अलीकडचा, गेल्या पाचशे वर्षांचा इतिहास. तोच समजून घेण्यासाठी एका इतिहासकाराच्या पुस्तकांची ओळख करून द्यायची आहे.

त्यांचे नाव यूजीन रोगन. जन्माने अमेरिकन. लहानपणी काही वर्षे बैरूत आणि कैरोत राहिले, पुढे ऑक्सफर्डच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांना अरबी येते, तुर्की येते. २००९ साली त्यांनी अरबांचा सलग इतिहास लिहिला. २०१५ साली पहिल्या महायुद्धातल्या तुर्की साम्राज्यावर, तर २०२४ साली दमास्कस शहरातल्या १८६० च्या दंगलीवर त्यांची पुस्तके आली.

आधी एक गैरसमज दूर करू. अरब म्हणजे मुसलमान असे समीकरण आपण मांडतो. ते चूक आहे. ज्यांची मायबोली अरबी, ते अरब. त्यांत ख्रिस्तीही आहेत. उलट इराणचे किंवा तुर्कस्तानचे बहुसंख्य लोक मुसलमान असूनही अरब नव्हेत. अरब लीग या संघात आज मोरोक्कोपासून ओमानपर्यंत बावीस सदस्य आहेत.

रोगन आपली हकीकत १५१६ पासून सुरू करतात. त्या वर्षी तुर्की सुलतानाने सिरिया जिंकला, दुसऱ्या वर्षी इजिप्त घेतला. तेव्हापासून अरबांना दुसऱ्याने केलेल्या नियमांनी खेळ खेळावा लागला, हे त्यांचे मुख्य सूत्र. आधी तुर्कांचे नियम, मग इंग्रज-फ्रेंचांचे, पुढे अमेरिका-रशियाच्या शीतयुद्धाचे आणि शेवटी एकट्या अमेरिकेचे. आपण दीडशे वर्षे इंग्रजांचे राज्य पाहिलेले लोक. हे सूत्र आपल्याला फोड करून सांगायला नको.

पण या पुस्तकाची खरी गोडी वेगळीच आहे. अठराव्या शतकातल्या दमास्कसची हकीकत रोगन कोणाच्या तोंडून सांगतात? एका न्हाव्याच्या! अहमद अल-बुदैरी त्याचे नाव. दाढी-हजामत करता करता कानावर पडेल ते तो टिपून ठेवी. भाकरी किती महागली, सुभेदाराने कोणाला नाडले, टोळ कधी आले. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, तेव्हाची कथा फ्रेंच कागदांतून तर मिळतेच. पण रोगन कैरोच्या अल-जबर्ती या पंडितालाही बोलावतात, कारण त्याने ती फौज आपल्या दारात उभी पाहिली होती. जिंकणाऱ्याची बखर एका हाती आणि सोसणाऱ्याची रोजनिशी दुसऱ्या हाती, अशी ही रीत.

ही रीत त्यांना कशी सुचली असेल, याचा धागा दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी सापडतो. रोगन यांच्या आजोळच्या नात्यातला एक तरुण १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत पडला. नव्वद वर्षांनी ते त्याच्या कबरीवर गेले. तिथे त्यांना कळले की त्याच चकमकींत हजारो तुर्की शिपाईही कापले गेले होते; पण त्यांनी वाचलेल्या इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेखही नव्हता. मेलेल्यांतही आपले आणि परके! हे त्यांना बोचले.

आणि याच युद्धात आपण येतो, मंडळी. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून हिंदी फौज बसऱ्याकडे निघाली. तिच्या आघाडीला ‘पूना डिव्हिजन’ होती. एकशे तीन, एकशे दहा आणि एकशे सतरा या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कोकणातले, घाटावरचे शेतकऱ्यांचे पोर ते. बगदाद घ्यायला निघालेली ही फौज माघार घेत टायग्रिस नदीकाठच्या कूत गावी अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. धान्य संपले, घोडी कापून खायची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मासाठी ते मांस बरेच दिवस नाकारले आणि ते रोगांनी खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. वाळवंटातून कैदी म्हणून चालता चालता किती तरी जण वाटेतच संपले. आणि कूतचे रहिवासी? ते तर दोन्ही फौजांच्या कात्रीत सापडले. शहर पडल्यावर तुर्कांनी त्यांतल्या काहींना फितूर ठरवून फासावर दिले.

महाराष्ट्रात कित्येक गावांच्या वेशीवर किंवा चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके मेले. बहुतेक पाट्यांवर नुसते आकडे, नावे नाहीत. न्हाव्याची रोजनिशी का मोलाची, ते या पाटीसमोर उभे राहिले की उमगते.

त्याच युद्धात इंग्रजांनी अरब मुलुखाविषयी तीन शब्द दिले. मक्केच्या शरीफ हुसेनला स्वतंत्र राज्याचा, १९१६ साली फ्रान्सला वाटणीचा, आणि १९१७ साली यहुद्यांना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घराचा. एकच शेत तिघांना तोंडी द्यावे, तसे झाले. रोगन इथे शिव्याशाप देत नाहीत. लढाईच्या अडचणीत एकेक वचन कसे निघत गेले, ते ते शांतपणे दाखवतात. पण १९२० साली सॅन रेमोच्या बैठकीत वाटणी झाली, तेव्हा तिथल्या रयतेला कोणी विचारले नाही. त्या बांधावरचे तंटे अजून मिटलेले नाहीत. रेघ ओढली की काय होते, हे आपणही थोडे जाणतो. १ मे १९६० रोजी उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला. वारली माणसे दोन्ही अंगांना राहिली. आपली रेघ एका देशातली, म्हणून सोयरीक टिकली. त्यांच्या रेघांवर बंदुका उभ्या राहिल्या.

तिसरे पुस्तक दंगलीचे. जुलै १८६० मध्ये दमास्कसमध्ये हजारो ख्रिस्ती मारले गेले. त्याच वेळी अब्दुल कादिर या अल्जीरियाच्या मुसलमान वीराने हजारो ख्रिस्ती जीव आपल्या आसऱ्याला घेऊन वाचवले. रोगन इथेच थांबत नाहीत. जळालेले शहर पुढे पुन्हा कसे उभे राहिले, शेजारी पुन्हा शेजारी कसे झाले, हे ते सांगतात. दंगल सांगणारे पुष्कळ. सावरणे सांगणारे थोडे.

गुरुजनहो, शेवटी तुम्हाला एक विनंती. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वारल्यांची वेठबिगारी लिहिली, म्हणून ती आज सर्वांना ठाऊक आहे. सरकारी दप्तरात ती तशी सापडली नसती. तुमच्या वर्गातल्या मुलांना घरच्या आजी-आजोबांकडे पाठवा. गावात पहिली सडक कधी आली, वेठ कशी होती, दुष्काळात काय खाल्ले, कोण परमुलखात गेला आणि परतलाच नाही, हे त्यांनी विचारून तारीख घालून वहीत उतरवावे. दमास्कसच्या न्हाव्यापाशी तरी याहून अधिक काय होते? एक कान आणि एक वही.