टाक्यांवरची आग आणि तांब्याभर पाणी

लघवी हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, असे आपण मानतो. आणि बायकांच्या बाबतीत तर नव्हेच नव्हे. मीही तसेच मानीत होतो. पुढे धाकट्या बहिणीचे बाळंतपण आमच्या घरी झाले. तिला खाली टाके पडले होते. लघवीला गेली की इतकी आग होई की, तिने पाणी पिणेच सोडून दिले. 'बाळंतिणीला पाणी कमीच बरे' म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली. ताप भरला, लघवीत जंतुदोष निघाला, तेव्हा कुठे ही गोष्ट आमच्या कानांवर आली. मी काही डॉक्टर नव्हे. पण त्या दिवसापासून या विषयाची लाज मी सोडून दिली.

हाच प्रश्न आज आणखी एका शस्त्रक्रियेनंतर उभा राहतो. तिला लॅबियाप्लास्टी म्हणतात. योनीच्या तोंडाशी त्वचेच्या ज्या आतल्या पाळ्या असतात, त्यांचा वाढलेला भाग हिच्यात कमी करतात. लघवीची वाट नेमकी या दोन पाळ्यांच्या मधूनच बाहेर उघडते. तेव्हा होते काय, लघवी बाहेर पडली की ताज्या जखमेच्या कडांना लागते आणि तिच्यातले क्षार झोंबतात. लिंबू चिरताना बोटाला चीर असली म्हणजे कसे होते, तसेच हे. शिवाय सूज असल्यामुळे धार सरळ न पडता इकडेतिकडे फाकते. सूज ओसरली की बहुधा धारही ताळ्यावर येते.

आता दुखते म्हणून पाणी तोडले, तर काय होईल? लघवी गडद होईल, क्षार दाट होतील आणि आग वाढेल. ती दाबून धरली, तर जंतूंना आयतेच फावेल. म्हणजे आपण ज्या उपायाने सुटू पाहतो, तोच आपल्याला अडकवतो. म्हणून दिवसभर थोडेथोडे पाणी पीत राहावे. लघवीचा रंग फिका राहिला म्हणजे पाणी पुरेसे झाले. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असेल, तर मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.

दुसरा उपाय त्याहून सोपा. लघवी करतानाच वरून कोमट पाण्याची बारीक धार सोडावी. तांब्या चालेल, स्वच्छ बाटली चालेल. लघवी पातळ होऊन निघून जाते आणि जखमेवर रेंगाळत नाही. पाणी साधेच घ्यावे. त्यात मीठ नको, जंतुनाशक नको. उकिडवे बसल्याने टाक्यांवर ताण येतो, म्हणून पहिले काही दिवस कमोड सोयीचा; बसताना अंग जरा पुढे झुकवावे. नंतर मऊ कापडाने नुसते टिपावे, घासू नये. टिपायचे तेही पुढून मागे. कपडे सैल आणि सुती असावेत. हळद, पावडर, घरगुती लेप यांतले काहीही टाक्यांना लावू नये. बद्धकोष्ठ झाले तर लघवीलाही अडथळा होतो, तेव्हा पोट साफ राहील असे पाहावे.

एक भेद मात्र पक्का ध्यानात ठेवा. लघवी बाहेर येऊन कातडीला लागल्यावर झोंबते, ती आग जखमेची. ती दिवसागणिक कमी होत जाते. पण आतूनच जळजळ होते, घडीघडी घाई होते नि थेंबच पडतात, ओटीपोट दुखते, लघवी गढूळ होते, थंडी वाजून ताप येतो, तर तो जंतुदोष असू शकतो. त्या वेळी उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊ नयेत, डॉक्टरांना दाखवावे. आणि सहा तास उलटूनही लघवी झालीच नाही, पोट तट्ट फुगले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सूज एकाएकी वाढली, रक्त थांबेना किंवा घाण वासाचा स्राव येऊ लागला, तरीही तसेच.

घरातल्या पुरुषांना एवढेच सांगणे आहे की, अशा वेळी 'पाणी प्यायलीस का? लघवी झाली का?' हे दोन प्रश्न विचारायला संकोचू नका. माझ्या बहिणीला हे प्रश्न कोणी वेळेवर विचारले असते, तर तिचे पुष्कळ हाल वाचले असते.