अंगण खरेच वाकडे असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या अंगी इतकी मुरलेली आहे की शिकणाऱ्याने वाद्याविषयी काही तक्रार केली की ती सरळ बहाण्यात जमा होते. इलेक्ट्रिक गिटार शिकू लागलेला एखादा मुलगा वा मुलगी दोन-तीन महिन्यांनी सांगते की अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, बोटे जाड तारांपर्यंत पोचत नाहीत, गत द्रुत झाली की हात आखडतो. घरची मंडळी म्हणतात, रियाज कमी पडतो. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधी कधी अंगण खरोखरीच वाकडे असते आणि ते तपासून पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नसते, हे आम्हांस आज येथे सांगावयाचे आहे.

गिटारच्या ज्या दांडीवर डावा हात फिरतो तिला वादक ‘नेक’ म्हणतात. पहिल्या पडद्यापाशी तिची जाडी साधारणतः १७ ते २५ मिलिमीटरांच्या दरम्यान असते. फरक जेमतेम सात-आठ मिलिमीटरांचा. पण रोज तास-दोन तास मुठीत धरावयाच्या वस्तूच्या बाबतीत तो थोडका म्हणता येत नाही. लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५० च्या सुमारास बाहेर पडलेल्या पहिल्यावहिल्या भरीव गिटारांच्या दांड्या चांगल्या मूठभर जाड होत्या. गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ गिटारची दांडी १९६० साली स्पष्टपणे बारीक झाली. पुढे १९८० च्या दशकात द्रुत वादनाची चढाओढ लागली. जपानच्या आयबानेझ कंपनीने १९८७ च्या सुमारास ‘विझार्ड’ नावाची, सुमारे १७ मिलिमीटर जाडीची पसरट दांडी आणली आणि ‘बारीक दांडी म्हणजे वेगवान दांडी’ हे समीकरण तरुण वादकांच्या मनात पक्के बसले.

हे समीकरण अर्धेच खरे आहे. दांडी बारीक असली की अंगठा पाठीमागे ठेवून बोटे कमी वळसा घेऊन तारांवर येतात, मनगट कमी वाकवावे लागते आणि लहान हाताला लांबचे पडदे गाठणे सुकर होते. बोटे वळविणारे स्नायू कोपरापुढच्या हातात असतात. त्यांच्या शिरा मनगटातील अरुंद बोगद्यातून जातात. मनगट फार वाकले की तेथे दाब वाढतो आणि बोटांचे बळही घटते. इथवर बारीक दांडीची बाजू बळकट आहे. परंतु मुठीची पकड मध्यम जाडीवर सर्वांत जोरकस असते, हेही तितकेच खरे. वस्तू फारच बारीक झाली तर मूठ गरजेपेक्षा अधिक मिटते, तळव्याला टेकू उरत नाही आणि सारा भार अंगठ्याच्या चिमटीवर येतो. मोठ्या पंजाच्या वादकाचा हात अशा दांडीवर तासाभरात अवघडून जातो. जेफ बेक यांच्यासारख्या चपळ हाताच्या वादकाच्या नावाने फेंडरने १९९१ साली जी गिटार काढली, तिची दांडी चांगलीच जाड होती, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तार दाबण्यास लागणारा जोर दांडीच्या जाडीवर अवलंबून नसतो. तो तारेची जाडी, तिचा ताण आणि पडद्यापासूनची तिची उंची यांवर ठरतो. तेव्हा तारा अवास्तव उंच बसविलेल्या असतील तर दांडी कितीही बारीक असो, हात थकणारच. शिवाय जाडी सारखी असूनही दांडीची पाठ गोल आहे, चपटी आहे की मधोमध उंचावलेली आहे, यावर हाताला होणारा भास पालटतो. आमच्या घामट हवेत चकचकीत रोगणाच्या दांडीला तळवा चिकटतो, तर विनाचकाकीच्या दांडीवर तो सहज सरकतो.

आणखी एक गोष्ट किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी विसरू नये. सहा तारा मिळून दांडीला सुमारे ४५ किलो वजनाच्या ताणाने ओढीत असतात. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लाकूड व रुंदी तीच असता २० ऐवजी २४ मिलिमीटरांची दांडी जवळजवळ पावणेदोन पट ताठ असते. आतली पोलादी सळई दांडीला सावरते खरी. तथापि पावसाळ्यातील दमट हवेने लाकूड हलते, तेव्हा बारीक दांडीचा बाक अधिक वेळा तपासून घ्यावा लागतो.

गाणे शिकविताना आपल्याकडे पुरुष गायकाची काळी एक लहान मुलीच्या गळ्यावर कोणी लादीत नाही. जिची तिची पट्टी शोधली जाते. पुरुषांचा तंबोरा मोठा आणि स्त्रियांचा लहान, हा भेदही आपल्या कारागिरांनी पूर्वीच मानला. जो विवेक गळ्याच्या बाबतीत आपण दाखवितो तो हाताच्या बाबतीत का दाखवू नये? थोरल्या भावाची गिटार धाकट्या बहिणीच्या हाती द्यावी आणि तिला जमले नाही तर तिच्यात गुणच नाहीत असा निकाल द्यावा, हा अन्याय आहे. त्यात गिटार तर जातेच, पण एखादे मूल संगीतालाच कायमचे दुरावते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. संगीतशाळांनी निरनिराळ्या जाडीच्या दांड्यांच्या दोन-तीन गिटारी वर्गात ठेवाव्यात. दुकानदारांनी गिऱ्हाइकाला निदान दहा मिनिटे, बसून आणि पट्टा अडकवून उभ्यानेही, वाजवून पाहू द्यावे. पालकांनी नाव आणि रंग पाहण्यापूर्वी मुलाचे मनगट सरळ राहते की नाही, पहिल्या पडद्यावर सर्व तारा एका बोटाने दाबताना अंगठा चिमटा काढतो की काय, हे पाहावे. बोटे बधिर होऊ लागली तर वाजविणे थांबवून वैद्याचा सल्ला घ्यावा.

वेग रियाजानेच येतो, याबद्दल आमचे दुमत नाही. पण रियाज करावयाचा तर हात टिकला पाहिजे. मुलाला आळशी ठरविण्यापूर्वी एकदा त्याच्या हातातील दांडी आपल्या हाती घेऊन पाहावी, एवढेच आमचे पालकांना व गुरुजनांना सांगणे आहे.